कृतज्ञता, कुरकुर व गाऱ्हाणें : यहुदी शास्त्रांतील एक भेद

जुन्या हस्तलिखितांचा संग्रह करणारांस पोथीच्या समाप्तिलेखाचें महत्त्व नव्यानें सांगावयास नको. आपल्याकडील पोथ्यांच्या अखेरीस एक संस्कृत श्लोक वारंवार आढळतो. त्यांत लेखक आपली पाठ, कंबर व मान लिहून लिहून मोडल्याचें सांगतो, आणि इतक्या कष्टानें सिद्ध केलेला ग्रंथ यत्नानें सांभाळावा अशी वाचकास विनंति करितो. यहुदी लेखकांनीं उतरलेल्या हिब्रू पोथ्यांच्या अखेरीसहि एक ठरीव वचन पुष्कळदां येतें. थकलेल्यास बळ देणाऱ्या परमेश्वराचा धन्यवाद, असा त्याचा आशय असून तें यशया प्रवक्त्याच्या ग्रंथांतील ४० व्या अध्यायावरून घेतलेलें आहे. श्रम दोघांचेहि सारखेच. एकानें ते वाचकापुढें मांडले, दुसऱ्यानें देवापुढें मांडून आभार मानले. मात्र आपण थकलों होतों ही गोष्ट हा दुसरा लेखकहि लपवीत नाहीं. थकव्याचा उल्लेख गाळला तर त्या आभारांस कांहीं अर्थच उरत नाहीं.

यहुदी धर्मशास्त्रांत कृतज्ञतेची महती व कुरकुरीचा निषेध हीं दोन्ही पदोपदीं आढळतात. त्यावरून, दुःख प्राप्त झालें असतां माणसानें तोंडांतून शब्द काढूं नये, असें तें शास्त्र सांगतें, असा समज होण्याचा संभव आहे. असा समज एकदां रूढ झाला म्हणजे पीडितास गप्प बसविण्याचें साधन सुखवस्तु माणसाच्या हातीं आयतेंच येतें. मूळ ग्रंथ पाहतां हा समज टिकत नाहीं. त्या ग्रंथांतील वचनें व कथा क्रमानें मांडून त्यांतील भेद स्पष्ट करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. महाराष्ट्रांतील संशोधकांस हा विषय अगदींच परका नाहीं. कोंकणांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल समाजाची मातृभाषा मराठी असून, या शास्त्राचा कांहीं भाग त्या समाजाच्या छापील पुस्तकांतून मराठींतहि उतरला आहे. त्याचा विचार लेखाच्या शेवटीं केला आहे.

१. शब्दांची फोड

हिब्रू भाषेंत आभार मानण्यास जें क्रियापद योजितात, त्याचाच दुसरा अर्थ कबूल करणें असा आहे. आभार या अर्थाचें 'होदाया' हें नाम त्याच धातूपासून झालें आहे. न्यायसभेंत प्रतिवादीनें ऋणाचा कांहीं अंश कबूल केला व बाकीचा नाकारला, तर त्यास शपथ घ्यावी लागे; असा मनुष्य तालमूदांत याच शब्दानें दाखविला आहे. त्या शपथेचें कारण सांगतांना तालमूदांतील रब्बा नामक आचार्य म्हणतो, कीं आपल्या धनकोसमोर सर्वस्वी कानांवर हात ठेवण्याइतका धीटपणा सहसा कोणी करीत नाहीं. म्हणजे आभार मानणें ही या भाषेंत ऋणाची कबुली आहे. मनांतील गोड भावनेपेक्षां एखाद्या खतावरील सहीशीं तिचें नातें अधिक जवळचें आहे.

पुढील वाङ्मयांत कृतज्ञतेस 'हकारत हा-तोव' अशी संज्ञा रूढ झाली. तिचा अक्षरशः अर्थ उपकाराची ओळख पटणें असा होतो. आपला 'कृतज्ञ' हा शब्दहि केलेलें जाणणारा याच अर्थाचा असल्यामुळें हें साम्य लक्षांत ठेवण्यासारखें आहे. कृतघ्नास तालमूदांत 'केफुय तोवा' म्हणतात. त्यांतील धातूचा अर्थ भांडें पालथें घालावें तसें उलटें करणें असा आहे. आपला कृतघ्न केलेल्याचा घात करितो, त्यांचा कृतघ्न तें पालथें घालतो.

कुरकुरीस हिब्रूंत 'तेलुना' हा शब्द आहे. तो मुख्यतः इस्राएल लोकांच्या अरण्यांतील प्रवासाच्या वर्णनांत येतो. परंतु संकटांत देवाकडे फोडलेल्या हांकेसाठीं त्याच ग्रंथांत निराळे शब्द येतात, आणि मिसर देशांतील दास्यांत लोकांनीं आक्रोश केला व तो वर पोंचला, असें निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायांत सांगितलें आहे. मराठींत हा भेद दाखविण्यास 'कुरकुर' व 'गाऱ्हाणें' हे दोन शब्द उत्तम आहेत. कुरकुर आडून होते, गाऱ्हाणें धन्यासमोर घालतात. कोंकणांत तर ग्रामदेवतेपुढें गाऱ्हाणें घालणें हा एक विधीच आहे. पुढील विवेचनांत हे दोन शब्द याच अर्थानें योजिले आहेत.

२. कृतज्ञता म्हणजे स्मरण

बाबिलोनी तालमूदाच्या 'बेराखोथ' प्रकरणांत रब्बी योहानान हा रब्बी शिमोन बार योहाय याच्या नांवें सांगतो, कीं सृष्टि झाल्यापासून देवाचे आभार मानणारें पहिलें माणूस म्हणजे याकोबाची स्त्री लेआ होय. तिनें आपल्या चौथ्या मुलाचें नांव आभारवाचक धातूवरून यहूदा असें ठेविलें, आणि पुढें त्याच नांवावरून सर्व समाजास यहुदी हें नांव पडलें. यावर 'बेरेशीथ रब्बा' या टीकाग्रंथांत असें स्पष्टीकरण आहे, कीं याकोबाच्या चार स्त्रियांस मिळून बारा पुत्र व्हावयाचे होते. प्रत्येकीच्या वांट्यास तीन. चौथा झाला तेव्हां आपणांस वांट्याहून अधिक मिळालें हें लेआनें ओळखलें.

येथें एक गोष्ट सहसा दृष्टीआड होते. लेआ ही नवऱ्याची नावडती होती. तिच्या पहिल्या तीन मुलांचीं नांवें तिच्या दुःखाचीं द्योतक आहेत. एका नांवांत देवानें आपली विपत्ति पाहिल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्यांत आपण नावडतें असल्याचें देवानें ऐकल्याचा, तिसऱ्यांत नवरा आतां तरी आपणांशीं जडून राहील या आशेचा. चौथ्याच्या वेळीं तिनें आभार मानले, परंतु पहिलीं तीन नांवें बदललीं नाहींत. आभार मानण्यापूर्वीं झालेला छळ नोंदींतून पुसून टाकावा लागत नाहीं, हें या कथेंतच दिसून येतें.

प्रथम फळांच्या विधींतहि हेंच दिसतें. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत सांगितल्याप्रमाणें शेतकरी नव्या पिकाची टोपली मंदिरांत आणून याजकापुढें ठेवी व एक ठरीव निवेदन करी. त्या निवेदनांत पूर्वजांची भटकंती, मिसरांतील कठोर वेठ, लोकांनीं केलेला आक्रोश, सुटका व शेवटीं देशाची प्राप्ति हा सर्व इतिहास क्रमानें येतो. बाराव्या शतकाच्या आरंभीं वारलेला सुप्रसिद्ध भाष्यकार राशी (१०४० ते ११०५) या ठिकाणीं म्हणतो, कीं आपण कृतघ्न नाहीं हें दाखविण्यासाठीं हें निवेदन करावयाचें. मिश्नेच्या 'बिक्कूरीम' प्रकरणांतील एक नोंद तर फार मार्मिक आहे. पूर्वी ज्यांस वाचतां येई ते स्वतः म्हणत व ज्यांस येत नसे त्यांस दुसरा सांगे. त्यामुळें निरक्षर लोक लाजेनें फळें आणीनातसे झाले. तेव्हां साक्षर व निरक्षर दोघांसहि सांगूनच म्हणवावें असा नियम करण्यांत आला. आभार मानतांना कोणास खालीं पाहावें लागूं नये, ही काळजी त्या शास्त्रकारांनीं घेतली होती.

वल्हांडणाच्या रात्रीं कुटुंबांत जी कथा सांगतात तिच्या बाबतींतहि मिश्नेचा नियम असा आहे, कीं हीनतेपासून आरंभ करावा व स्तुतीनें समाप्ति करावी. नुसती स्तुति सांगितल्यानें विधि पुरा होत नाहीं.

३. अरण्यांतील कुरकुर

मिसरांतून निघाल्यावर इस्राएल लोकांनीं केलेल्या तक्रारींची शास्त्रांत एक मालिकाच आहे; परंतु तिचीं सर्व प्रकरणें एकाच माळेंत ओंवणें बरोबर नाहीं. निर्गमाच्या १५ ते १७ या अध्यायांत पाणी कडू लागलें, अन्न संपलें, पुन्हा पाणी मिळेना, म्हणून लोक मोशेवर कुरकुरले. त्या तिन्ही वेळीं त्यांस दंड झाला नाहीं. कडू पाणी गोड झालें, आकाशांतून मान्ना पडला, खडकांतून पाणी निघालें. तिसऱ्या जागेस कलहाचें नांव मात्र कायमचें चिकटलें. त्यांची रीत वाईट होती, तरी तहान व भूक खरी होती.

गणनेच्या ११ व्या अध्यायांतील प्रसंग याहून वेगळा आहे. येथें मान्ना रोज पडत होता. असें असतां लोकांस मांसाची वासना झाली, आणि मिसरांत फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजें, भाजीचे कांदे, कांदे व लसूण यांची आठवण काढून ते रडूं लागले. 'सिफ्रे' या प्राचीन टीकेंत 'फुकट' या एका शब्दावरच बोट ठेविलें आहे. ज्या राज्यांत विटांसाठीं लागणारें गवतसुद्धां त्यांस दिलें जात नव्हतें, तेथें मासे फुकट कसे मिळतील, असा टीकाकाराचा प्रश्न आहे. इतिहाससंशोधकानें ही शंका ध्यानांत घ्यावी. कुरकुर करणारानें येथें खोटा कागद उभा केला आहे. दास्याच्या जागीं मेजवानी लिहिली, आणि हातांतील अन्नाच्या जागीं शून्य.

पुढें २१ व्या अध्यायांत लोकांनीं मान्ना हें हलकें अन्न असून त्याचा वीट आला आहे असें म्हटलें, तेव्हां त्यांच्यांत विषारी साप सुटले. तालमूदाच्या 'अवोदा झारा' प्रकरणांत या बोलण्यावरूनच त्या लोकांस कृतघ्न म्हटलें आहे, आणि त्यांचा मूळपुरुष आदाम यासहि. आदामानें निषिद्ध फळ खाल्ल्यावर, तूं दिलेल्या स्त्रीमुळें हें घडलें, अशा अर्थाचें उत्तर देऊन देणगीचाच आरोप केला होता. पालथें घालणें म्हणतात तें हें.

हेरांच्या कथेविषयीं 'ताअनीथ' प्रकरणांत सांगितलें आहे, कीं कनान देश पाहून आलेल्या हेरांचें भीतिदायक वर्णन ऐकून लोक ज्या रात्रीं रडले ती आव महिन्याच्या नवमीची रात्र होती. त्यांनीं कारणावांचून रडणें केलें, म्हणून तीच तिथि पिढ्यान्‌पिढ्यांच्या रडण्याची ठरली. दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा उपास याच तिथीस पाळतात. मात्र कारणावांचूनचें रडणें असा शब्द शास्त्रकारांनीं येथें योजिला, त्या अर्थीं सकारण रडणें त्यांस मान्य होतें हें उघड आहे.

४. मोशे व इय्योब यांचें गाऱ्हाणें

हा निष्कर्ष केवळ शब्दावरून काढलेला नाहीं. गणनेच्या त्याच ११ व्या अध्यायांत मोशे स्वतः देवापुढें उभा राहून लोकांहून कितीतरी तीव्र शब्द बोलतो. आपल्या सेवकास तूं कां छळतोस, या लोकांस मीं जन्म दिला आहे काय, दाईनें तान्ह्या मुलास वाहावें तसें यांस मीं ऊराशीं धरून कसें वाहावें, त्यापेक्षां मला मारून टाक, असा त्या भाषणाचा सारांश आहे. त्या जागीं त्यास दंड झाला नाहीं. ओझें वांटून घेण्यासाठीं सत्तर वडील माणसें नेमण्याची आज्ञा झाली. एकाच अध्यायांत एका तक्रारीस मरी व दुसरीस साहाय्य मिळावें, याचा उलगडा शब्दांच्या तीव्रतेवरून होत नाहीं. लोकांनीं मिळालेलें नाकारलें आणि ते आपापल्या डेऱ्यांच्या दारांशीं रडत बसले. मोशेनें कांहींएक नाकारलें नाहीं. जें असह्य होतें तें दात्यासमोर सांगितलें.

इय्योबाचा ग्रंथ तर सबंध गाऱ्हाण्याचाच आहे. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन बोलतात व त्याच्या दुःखाचें मूळ त्याच्याच पापांत शोधतात. ग्रंथाच्या शेवटच्या, म्हणजे ४२ व्या, अध्यायांत देव त्या मित्रांवरच रागावतो आणि इय्योब जसें योग्य बोलला तसें तुम्ही बोललां नाहीं असें त्यांस बजावतो.

तालमूदकारांनीं या ग्रंथावरून दोन नियम काढले. 'बावा बाथ्रा' प्रकरणांत रावा नामक आचार्य म्हणतो, कीं दुःखाच्या घटकेस तोंडांतून निघालेल्या बोलाबद्दल मनुष्यास जबाबदार धरीत नाहींत. दुसरा नियम 'बावा मेझिया' प्रकरणांत वाचेनें होणाऱ्या पीडेविषयीं आहे. ज्याच्यावर आपत्ति किंवा व्याधि आली आहे, अथवा ज्यानें आपलीं मुलें पुरलीं आहेत, त्याच्याशीं इय्योबाच्या मित्रांप्रमाणें बोलूं नये. याचा परिणाम फार दूरवर जातो. कृतज्ञतेचें कर्तव्य प्रत्येकानें स्वतःपुरतें मानावयाचें आहे. दुसऱ्याच्या दारीं जाऊन त्याच्याकडून तें वसूल करण्याचा अधिकार कोणास दिलेला नाहीं.

५. आशीर्वचनांचे नियम

मिश्ना हा ग्रंथ इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झाला. त्याचें काउफमान संग्रहांतील सुप्रसिद्ध हस्तलिखित बुडापेस्ट येथें हंगेरियन विज्ञान अकादमींत आहे. तसेंच बाबिलोनी तालमूदाचें जवळजवळ संपूर्ण असें १३४२ चें हस्तलिखित म्यूनिच येथें आहे. मिश्नेच्या 'बेराखोथ' प्रकरणाच्या शेवटच्या अध्यायांत असा नियम आहे, कीं मनुष्यानें चांगल्याबद्दल जसें आशीर्वचन म्हणावें तसें वाईटाबद्दलहि म्हणावें. एवढेंच वचन उद्धृत केलें तर वाईटास चांगलें म्हणण्याची सक्ति आहे असें वाटेल. परंतु त्याच अध्यायांत दोन्ही प्रसंगांचीं वचनें निरनिराळीं दिलीं आहेत. पाऊस पडला किंवा शुभ वार्ता आली तर देव चांगला व चांगलें करणारा आहे असें म्हणावयाचें. अशुभ वार्ता आली तर तो खरा न्यायाधीश आहे असें म्हणावयाचें. मृत्यूची बातमी ऐकून कोणीं पहिलें वचन उच्चारावें असें शास्त्र सांगत नाहीं. हा भेद परलोकांत उरणार नाहीं व तेथें पहिलें वचनच राहील, असें 'पेसाहीम' प्रकरणांत म्हटलें आहे. इहलोकीं तो भेद आहे, हें त्यांतच गृहीत आहे.

या प्रकरणांतील आणखी दोन नियम नोंदण्यासारखे आहेत. सार्वजनिक प्रार्थनेंत, चांगल्या गोष्टींसाठीं तुझें नांव स्मरलें जावो, असें जो म्हणेल त्यास गप्प करावें. कारण मग वाईट वेळीं तें स्मरावयाचें नाहीं असें होतें. तसेंच आभाराचा शब्द जो दोनदां उच्चारील त्यासहि गप्प करावें. दोन देव मानल्याचा संशय येतो, असें तालमूद सांगतो. आभार मानण्यांतहि मर्यादा राखावयाची ती ही. उलट, गांवांतून ओरडा ऐकूं आला असतां तो आपल्या घरचा नसो असें मागणें ही व्यर्थ प्रार्थना होय, कारण जें घडलें तें घडलें. घडलेल्या गोष्टीची नोंद प्रार्थनेनें बदलूं पाहणें मिश्नेस मान्य नाहीं.

रब्बी अकीबाची कथा याच संदर्भांत तालमूदांत येते. एका गांवीं त्यास कोणी थारा दिला नाहीं, तेव्हां तो रानांत राहिला. त्याच्याजवळ दिवा, कोंबडा व गाढव होतें. वाऱ्यानें दिवा विझला, मांजरानें कोंबडा खाल्ला, सिंहानें गाढव खाल्लें. प्रत्येक वेळीं, देव करितो तें बऱ्यासाठींच, असें तो म्हणाला. त्याच रात्रीं सैन्यानें येऊन गांवचे लोक कैद करून नेले व अकीबा वांचला. ही कथा सांगतांना तो हें वचन स्वतःविषयीं बोलला, पकडून नेलेल्या गांवकऱ्यांस उद्देशून बोलला नाहीं, याकडे लक्ष द्यावें.

६. उपकार कां ओळखूं येत नाहींत

या विचारास शास्त्रशुद्ध मांडणी देण्याचें श्रेय अकराव्या शतकांत स्पेनमधील सारागोसा येथें झालेल्या बह्या इब्न पाकूदा यास आहे. त्याचा 'हृदयाचीं कर्तव्यें' हा ग्रंथ मूळ अरबी भाषेंत असून यहूदा इब्न तिब्बोन यानें ११६१ पासून त्याचें हिब्रू भाषांतर केलें. तें नेपल्स येथें १४८९ सालीं छापलें गेलें. दुसऱ्या प्रकरणाच्या उपोद्घातांत उपकार ओळखूं न येण्याचीं तीन कारणें तो देतो : नित्य नव्या सुखाच्या हांवेमुळें हातचें थोडें वाटतें, जन्मापासून उपकारांतच वाढल्यामुळें ते उपकार वाटत नाहींत, आणि मधून मधून येणाऱ्या पीडेचा हेतु समजत नाहीं.

दुसऱ्या कारणासाठीं त्याचा दृष्टांत आहे. एका दयाळू गृहस्थास रानांत टाकलेलें मूल सांपडलें. त्यानें तें घरीं आणून वाढविलें. पुढें त्यानें शत्रूच्या हातीं हाल भोगणारा एक कैदी सोडवून आणला आणि मुलास दिलें त्याचा थोडासा अंश त्यास दिला. तरी कैद्यासच उपकार अधिक जाणवले, कारण तो विपत्ति ओळखून सुखांत आला होता. दुःखाची स्मृति पुसल्यानें कृतज्ञता वाढते हा समज येथें मुळापासून उलटा ठरतो. बह्याच्या मतें ती स्मृति कृतज्ञतेची साधनभूत आहे.

७. मराठींतील अवशेष

बेने इस्राएल समाजाच्या दोन गोष्टींत हा विचार आपल्या भूमीवर पाहावयास सांपडतो. एक मालिद्याचा विधि. नवस फेडतांना व मंगल प्रसंगीं एलियाहू हन्नबी याच्या स्मरणपूर्वक गोड पोहे, खोबरें व फळें यांचें ताट मांडून देवाचे आभार मानतात. अलिबागजवळील खंडाळे येथें हा प्रवक्ता येऊन गेला अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. नवस म्हणजे आधीं घातलेलें गाऱ्हाणें. तें विसरलें तर ताट कशाबद्दल मांडलें हेंच कळणार नाहीं.

दुसरी गोष्ट म्हणजे वल्हांडणाच्या कथेचीं मराठी पुस्तकें, ज्यांस हग्गादा म्हणतात. मराठी भाषांतरासह एक हग्गादा मुंबईस १८४६ सालीं निघाली. पुण्यास १८७४ सालीं निघालेली प्रत सचित्र असून, बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया तींत लुगडीं नेसलेल्या दाखविल्या आहेत. या पुस्तकांत देवाचे उपकार एकामागून एक मोजून, एवढाच झाला असता तरी पुरे होतें असें प्रत्येकास म्हणण्याचा भाग आहे. आणि त्यांतच दास्याची खूण म्हणून कडू भाजी खाण्याचाहि विधि आहे. हीं दोन्ही एकाच ताटावर असतात.

१९४८ नंतर या समाजांतील बहुसंख्य कुटुंबें इस्राएल देशीं गेलीं. अशा वेळीं जुनीं पुस्तकें मागें राहतात व रद्दींत जातात. रायगड जिल्ह्यांतील व पुणें-मुंबईकडील संग्राहकांनीं देवनागरी व हिब्रू अशा दोन लिपींत छापलेलीं वा लिहिलेलीं पानें आढळल्यास तीं बाजूस ठेवावीं, आणि विशेषतः मुखपृष्ठाच्या आंतील बाजूवर घरच्या माणसांनीं केलेल्या नोंदी तपासाव्या. जन्म, मृत्यु, नवस व प्रवास यांच्या नोंदींस अशा घरगुती धर्मपुस्तकांत जागा मिळत असते. तशा नोंदी मिळाल्या तर त्यांतील आभाराच्या ओळींबरोबर दुःखाच्या ओळीहि जशाच्या तशा उतरून घ्याव्या. वर सांगितलेलें शास्त्रहि याहून निराळी अपेक्षा करीत नाहीं.